भिवाचं पान

गरुडाच्या डाव्या पंखातलं कुंकू काही केल्या निघेना. आत्माराममास्तरांनी आधी टाचणी लावून पाहिली, मग दातकोरणं, आणि शेवटी कुठूनसा एक जुना टूथब्रश शोधून आणून ते पडवीत बक्कल घासायला बसले. कित्येक दसऱ्यांचं हळदकुंकू ते. पंखांच्या रेघांत बसून पार दगड झालं होतं.

"ब्रश मोरीतला नाही ना घेतलात?" कमलाबाईंनी आतून विचारलं.

"नाही."

"नाही कसं? मोरीतलाच आहे तो. देवातल्या वस्तूला मोरीतला ब्रश! वय झालं तसं तुमचं ताळतंत्रच सुटत चाललंय."

"अगं, ही देवातली वस्तू नाही. जर्मन शिपायाच्या कमरेच्या पट्ट्याचं बक्कल आहे हे. किती वेळा सांगू?"

"सासूबाईंनी देवात ठेवलं ना? मग देवातलं."

मास्तरांची आई गेली तिलाही आता पुष्कळ वर्षं झाली, पण तिचा शब्द या घरात अजून चालत होता. मास्तरांचे वडील, धाकू सुर्वे, दुसऱ्या महायुद्धातून सेहेचाळीस साली परत आले ते एक शिंक्यासारखी लोंबणारी पिशवी आणि हे बक्कल घेऊन. आईने जन्मात जर्मन पाहिला नव्हता. तिने बक्कल उजेडात धरलं, तर मधोमध पंख पसरलेला गरुड आणि त्याच्या पायांत स्वस्तिक. आणखी काय पाहिजे देवपण यायला? तिने ते चिंच लावून उजळलं, दसऱ्याला कोयती-पहारीच्या शेजारी पाटावर मांडलं, फूल वाहिलं आणि नंतर थेट देव्हाऱ्यातच नेऊन ठेवलं. गरुडाभोवती जी अक्षरं होती त्यांचा अर्थ 'देव आमच्यासोबत आहे' असा होतो, हे मास्तरांना यंदा कळलं. म्हणजे आईची फारशी चूक झाली नव्हती म्हणायची.

यंदा कळायचं कारण म्हणजे मथुराताई. वेळकोंडात, मास्तरांच्या मूळ वाडीत, त्यांच्या घराला लागून शिर्क्यांचं घर. त्या घरातला भिवा शिर्के आणि धाकू सुर्वे एकाच दिवशी पलटणीत भरती झाले, एकाच बोटीतून आफ्रिकेला गेले. धाकू परत आला. भिवा आला नाही. मथुरा ही भिवाची एकुलती लेक, बेचाळीसच्या चैत्रात जन्मलेली. बापाने तिला पाहिलं नाही, तिने बापाला पाहिलं नाही. धाकूने परत आल्यावर भिवाच्या बायकोला, तुळसाकाकीला, एक बक्कल दिलं. असंच, गरुडाचं. आणि सांगितलं, की तोब्रुकच्या लढाईत आम्ही दोघांनी दोन जर्मन लोळवले, त्यांच्या कमरेची ही काढून घेतली. भिवाने आपलं माझ्याकडे ठेवायला दिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही पकडले गेलो, त्या गर्दीत भिवा जो चुकला तो चुकला. पण मेला म्हणून कुणी सांगितलेलं नाही हो वहिनी.

झालं. त्या शेवटच्या वाक्यावर तुळसाकाकीने आपला सगळा जन्म काढला. सरकारदरबारी नवरा 'बेपत्ता' होता. बारा वर्षं उलटल्यावर भटजी म्हणाले, पळसाच्या काड्यांचा पुतळा करून जाळा, बाई मोकळी होईल. तिने भटजींना दक्षिणा देऊन परत पाठवलं. कपाळावर हे एवढं रुपयाएवढं कुंकू लावून ती शेत करत राहिली, लेकीसाठी घरजावई आणला, नातवाचं तोंड पाहिलं आणि अठ्ठ्याऐंशी साली हिरव्या लुगड्यात सवाशीण म्हणून गेली.

आणि आता मथुराताईने त्र्याऐंशीव्या वर्षी, गेल्या उन्हाळ्यात दवाखान्यातून परत आल्यावर, मास्तरांचा हात धरून म्हटलं होतं, "आत्माराम, तू शिकलेला हायस. माझ्या बापसाचा काय तो निकाल लाव. म्हाळात मी घोवाचं पान घालते, सासऱ्याचं घालते, लोकांच्या पितरांना जेवते, नि जन्म दिला त्याचं पान घालू का नको तेवढं मला ठावं नाय. मी मेल्यावर कोण घालणार हाय?"

म्हाळ म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध. गेलेल्याच्या नावाने केळीच्या पानावर जेवण वाढून बाहेर ठेवायचं, कावळ्याने शिवलं की घरच्यांनी जेवायचं. मेलेल्याचं पान घातलं नाही तर तो उपाशी, आणि जित्याचं घातलं तर त्याचं आयुष्य तुटतं. तुळसाकाकी होती तोवर तर त्या घरात भिवाच्या पानाचं नाव काढायची सोय नव्हती.

मास्तर हायस्कूलमध्ये इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झालेले, मांडवीला दोन खोल्यांत राहणारे. सकाळी समुद्रावर फेरी आणि संध्याकाळी जेट्टीवर गप्पा, एवढाच काय तो उद्योग. हे काम अंगावर घेतलं आणि माणूस चेव आल्यासारखा मागे लागला. पलटणीच्या कचेरीकडून 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर आलं. मग हातात राहिलं ते हे बक्कल. जुन्या लष्करी वस्तू जमवणाऱ्यांचं एक मंडळ त्यांना इंटरनेटवर सापडलं. त्यात हॉलंडातला एक निवृत्त पोस्टमन भेटला. त्याचं सगळं आयुष्य बक्कलांत गेलेलं. हळदकुंकवाने माखलेल्या गरुडाचा फोटो पाहून तो बिचारा दोन दिवस काही बोललाच नाही. नंतर मात्र तो मास्तरांना अगदी मन लावून शिकवू लागला.

जर्मन शिपायाला पट्टा आणि बक्कल पलटणीच्या कोठारातून मिळे. माणशी एक. नोंद व्हायची ती शिपायाच्या पगाराच्या पुस्तकात, बक्कलावर नाव नसायचं. आधी ती ॲल्युमिनियमची असत. लढाई लांबली तशी पोलादाची आली, वरून करडा-हिरवा रंग. आणि प्रत्येकाच्या मागे शिवलेली असे चामड्याची जीभ. तिच्यावर कारखान्याचं नाव आणि साल ठोकलेलं असे. 'तुमच्या बक्कलाची जीभ बघा,' पोस्टमनने लिहिलं होतं. 'ती सगळं सांगेल.'

मास्तरांनी बक्कल उलटं केलं. जिभेच्या जागी नुसती दोन भोकं आणि ओरखडे होते.

"कमल, याच्या मागे चामडं होतं काय गं कधी?"

"होतं म्हणे. सासूबाईंनी विळीवर कापून टाकलं. चामडं देवात चालतं का?"

मास्तर डोक्याला हात लावून बसले. चिंचेने रंग गेला, विळीने साल गेलं. आपल्याच घरात आपल्याच आईने असा पुरावा घासूनपुसून लख्ख केला होता, आणि कुणावर रागवायची सोय नव्हती.

"पण मथुरावन्सांकडे आहे ना दुसरं," कमलाबाई पदराला हात पुशीत बाहेर आल्या. "तुळसाकाकींनी ते कधी देवात ठेवलं नाही. म्हणायच्या, धनी आला की त्याच्या हाती देईन."

मास्तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने वेळकोंडाला गेले. दिवस नेमका अहेव नवमीचा. नवरा हयात असताना गेलेल्या बायकांचं पान त्या दिवशी असतं. मथुराताईकडे आईचं पान होतं. चुलीवर खीर रटरटत होती आणि सून स्वप्ना सुपात हिरव्या बांगड्या, खण, कुंकवाचा करंडा मांडत होती. वाडीतली एक सवाशीण जेवायला बोलावली होती.

"आयेच्या दिवशी बरा आलास," मथुराताई म्हणाली. दवाखान्याने तिला वाळवून काढलं होतं, आवाज मात्र अजून खळ्यापलीकडे जाईल असा. "बस. जेवल्याबिगर सोडायची नाय तुला."

बक्कल ट्रंकेच्या तळाशी, तुळसाकाकीच्या लग्नातल्या शालूत गुंडाळलेलं होतं. मास्तर ते घेऊन उन्हात खळ्यात गेले. करडा रंग तसाच. त्यावर हळद नाही, कुंकू नाही. मागची जीभ काळी ठिक्कर पडली होती, पण शाबूत होती. पट्ट्याचा चार बोटं लांबीचा तुकडासुद्धा बक्कलाच्या हुकात अडकून राहिला होता. पोस्टमनने शिकवल्याप्रमाणे त्यांनी ते उन्हाला तिरकं धरलं. आधी नुसत्या सुरकुत्या दिसल्या. मग चामड्यातून हळूहळू आकडे वर आले.

१९४३.

तोब्रुक पडलं बेचाळीसच्या जूनमध्ये. हे त्यांनी वर्गात फळ्यावर किती वेळा लिहिलं होतं! बेचाळीसच्या जूनमध्ये आफ्रिकेच्या वाळवंटात मेलेल्या जर्मनाच्या कमरेला त्रेचाळीस साली तयार झालेलं बक्कल कसं असेल?

"काय दिसलं?" मथुराताईने पडवीतून विचारलं.

"बक्कल घेऊन जातो. फोटो पाठवून विचारतो त्या माणसाला. तो सांगेल नीट."

"लवकर विचार बाबा. सर्वपित्रीला पान मांडायचं का नाय, तेवढंच सांग मला."

त्या दिवशी खिरीची चव मास्तरांना कळली नाही.

पोस्टमनचं उत्तर चतुर्दशीला आलं. लांबलचक होतं. तोब्रुकला पकडलेल्या हिंदी कैद्यांतले काही जण पुढे जर्मनांच्या बाजूने उभ्या केलेल्या हिंदी पलटणीत गेले, हे मास्तरांना इतिहासाचा माणूस म्हणून ठाऊक होतं. ते आपल्या घराशी कधी जोडून पाहावं असं त्यांच्या मनात आलं नव्हतं, एवढंच. त्या पलटणीला जर्मन गणवेशच मिळे, पोस्टमनने लिहिलं होतं. बूट, पट्टा, बक्कल, सगळं. ती हॉलंडात होती, मग फ्रान्सच्या किनाऱ्यावर. चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात फ्रान्समधून माघार घेताना वाटेत तिच्यावर हल्ले झाले, माणसं पडली. 'तुमच्या वडिलांनी ही बक्कलं कुणाकडून काढून घेतली नसावीत. ती त्या दोघांना कोठारातून मिळाली असावीत. एक त्यांचं, एक त्यांच्या मित्राचं.'

इथवर मास्तर तयार होते. पुढचं वाचून त्यांनी चष्मा काढला.

'हुकात राहिलेला पट्ट्याचा तुकडा नीट पाहा. तो सुरीने तिरका कापलेला आहे. हे बक्कल एका हाताने, एका क्षणात सुटतं. जिवंत माणूस पट्टा सोडतो. कापतात तो खाली पडलेल्याचा, जखम उघडी करायला, घाईत. मी अशी पुष्कळ पाहिली आहेत. मला वाईट वाटतं.'

ज्या मित्राचा पट्टा कापला, त्याच्यापाशी धाकू होता. तो तिथे नसता तर बक्कल वेळकोंडात कसं आलं असतं? बापाने भिवाला मरताना पाहिलं होतं, आणि परत येऊन त्याच्या बायकोला म्हणाला होता, मेला म्हणून कुणी सांगितलेलं नाही हो वहिनी.

संध्याकाळी मास्तर जेट्टीच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. दर दसऱ्याला वाडीतली माणसं ती गोष्ट सांगायची, 'सुरव्यांच्या धाकूनं जर्मन लोळवला,' आणि लहानगा आत्माराम फुगून बापाकडे बघायचा. बाप मात्र सुपारी कातरत बसलेला असायचा, मान खाली. मास्तरांना वाटायचं, केवढा विनय! आता कळत होतं. लाज होती ती. का नसेल सांगितलं? इंग्रजांचं राज्य होतं तोवर फितूर ठरायची भीती होती. भिवाच्या बायकोचं सरकारी पेन्शन गेलं असतं. आणि पुढे स्वराज्य आलं तेव्हा तुळसाकाकीच्या कपाळावरचं कुंकू पुसायला कुठल्या तोंडाने जाणार होता तो? राग यावा की कीव, ते मास्तरांना ठरवता येईना. दोन्ही आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," कमलाबाई जेवताना म्हणाल्या. "मामंजींनी जन्मभर झाकली. तुम्ही कशाला उघडता? तुमच्याच बापाची अब्रू."

"तिला पान मांडायचंय, कमल. माझ्या बापाने तिच्या बापाला इतकी वर्षं उपाशी ठेवलंय."

कमलाबाईंनी त्यांच्या ताटात भात वाढला.

सर्वपित्री अमावास्येला मास्तर पहिल्या गाडीने निघाले. त्यांच्या वडिलांचं पान पंचमीलाच होऊन गेलं होतं. एसटीत खिडकीशी बसून ते वर्गाची तयारी करावी तशी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. मथुराताई, तुझा बापूस चव्वेचाळीस साली फ्रान्समध्ये गेला. एकटा नव्हता, माझा बापूस त्याच्यापाशी होता. आजच्या दिवशी त्याचं पान मांड. तीनच वाक्यं. त्यांत एकही शब्द जास्तीचा नव्हता. भिवाचं बक्कल खांद्याच्या पिशवीत होतं. विचारलंच तिने, तर कापलेला पट्टा तिच्या हातावर ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

शिर्क्यांच्या खळ्यात मथुराताईचा मुलगा संदेश सोवळं नेसून उभा होता. तो आदल्या दिवशीच मुंबईहून आला होता. पडवीत केळीची पानं धुवून ठेवली होती. दोन सरळ आणि एक जरा बाजूला, पालथं घातलेलं. मथुराताई भिंतीला टेकून गवार मोडत होती.

"आलास? सकाळधरनं वाट बघते तुझी. ह्ये बघ, पान धुवून ठेवलंय त्याचं. मांडू काय?"

मास्तर तिच्या समोर जमिनीवरच बसले.

"ताई, आधी एक सांगतो. माझ्या बापसाने तुळसाकाकीला जे सांगितलं, ते खरं नव्हतं."

मथुराताईचे हात थांबले.

मास्तरांनी सांगितलं. बक्कलाचं साल सांगितलं. दोघे कैद झाले ते बरोबरच झाले, चुकामूक झालीच नाही. दोघांनी पुढे जर्मनांकडची पलटण धरली. ही बक्कलं लुटीतली नव्हेत, नेमणुकीची. एक धाकूचं, एक भिवाचं. बोलताना त्यांनी बापाची बाजू घेतली नाही. "लपवलं त्याने. माझ्या बापाने लपवलं. त्याच्यातर्फे मी तुझे पाय धरतो."

"पाय कसले धरतोस म्हाताऱ्या. गप." ती म्हणाली. "म्हंजे मी रांगायला लागले तेव्हा तो जिता व्हता?"

"होता."

"मी चालायला लागले तेव्हा पण?"

"तेव्हाही होता."

"मग एक कागद नाय धाडला?"

"तिकडून इकडे कागद येत नसणार, ताई. शत्रूची पलटण ती."

तिने एक शेंग मोडली. मोडून टोपलीत न टाकता तशीच हातात धरली.

"नि मग मेला कधी?"

ज्या प्रश्नासाठी आलो तो हाच. मास्तरांनी तोंड उघडलं. पण ताईचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. ती मनाशी काहीतरी जुळवत होती, आणि तिचा चेहरा बघता बघता असा काही उतरला, की दवाखान्यातसुद्धा मास्तरांनी तो तसा पाहिला नव्हता.

"लढाईतच मेला असंल तर आय माझी पंचविशीची पण नव्हती," ती म्हणाली. "नि आय गेली अठ्ठ्याऐंशीला. मग एवढी वर्सं तिनं कुंकू लावलं ता कोणाचं? वाडीतल्या एकेका सुनेची ओटी तिनं भरली. माझी भरली, लग्नात. संदेशच्या वेळी भरली. पयल्यांदा तुळसाकाकीला बलवा म्हणायची लोकं, तिचा हात चांगला. हिरवं लुगडं नेसवून नेली तिला. परवा नवमीला मी तिचं पान घातलं, सवाशीण जेवली." तिचा आवाज चिरकला. "खोटं व्हतं काय रे ता सगळं? आयेला माझ्या आता मी रांडाव म्हणू?"

स्वप्ना आतल्या दारात येऊन उभी राहिली होती. "आई, पाणी देऊ का?" तिने विचारलं.

मग मथुराताई पुढे वाकली आणि तिने मास्तरांचं मनगट धरलं. हाडकुळी बोटं, पण पकड केवढी! "का रे आत्माराम. तो तिकडंच राह्यला असंल काय? लढाई संपली, नि त्यानं ते कपडे टाकले. पट्टा कमरंचा काढून धाकूकाकाकडं दिला असंल. म्हणला असंल, तू जा, मी नाय येत. बाई केली असंल तिकडं. धाकूकाका आयेला कुठल्या तोंडानं सांगंल? म्हणून म्हणला असंल, मेला नाय म्हणून. बघ, बरोबर जुळतं. जुळतं का नाय?"

जुळत होतं. न जुळणारी गोष्ट एकच होती, आणि ती मास्तरांच्या मांडीवरच्या पिशवीत होती. त्यांनी पिशवीच्या तोंडावर हात ठेवला.

"राहिला असेल," ते म्हणाले.

"असेल नको. तू शिकलेला. त्या परदेशी माणसानं काय सांगितलं?"

मास्तरांना आपलाच आवाज ऐकू आला. वर्गात तारखा सांगताना असायचा तसाच होता, स्वच्छ, ठाम. "त्यानेही तसंच लिहिलंय. पट्टा नीट सोडून काढलेला आहे म्हणाला. आपल्या हाताने काढून दिलेला."

मथुराताईने त्यांचं मनगट सोडलं. ती पुन्हा भिंतीला टेकली, आणि तिच्या छातीतून एक लांब श्वास निघाला.

"मग बरं," ती म्हणाली. "आय सवाशीणच गेली."

आणि मग तिने बापाला शिव्या घालायला सुरुवात केली. त्र्याऐंशी वर्षांत पहिल्यांदा. मेल्याला लाज नाय वाटली. घरी पोटुशी बायको, नि हा गोऱ्या बायकांच्या मागं. आयेनं एकटीनं नांगर धरला, पावसाचं घर एकटीनं शाकारलं, नि हा तिकडं मजेत पाव खात बसला असंल. तिचे डोळे वाहत होते आणि तोंड थांबत नव्हतं. संदेश खळ्यातून धावत आला, काय झालं म्हणून. स्वप्नाने त्याला खुणेने गप्प केलं. बोलून बोलून ताई दमली, पदराने तोंड पुसलं, आणि म्हणाली, "लाव रे तुझी पानं. कावळे येऊन बसलेत."

संदेशने वडिलांचं पान मांडलं, वडिलांकडच्या आजोबांचं मांडलं. स्वप्ना तिसरं पान हातात घेऊन उभी होती.

"आई, मग हे?"

"त्याला कशाला?" मथुराताई म्हणाली. "तिकडं पोरंबाळं असतील, ती घालतील. आमचं आयतं खायला येऊ नको म्हणावं." ती थांबली. मास्तरांना वाटलं, ती काही विचारणार. "इथून फुडं पण नको गो स्वप्ना. मी मेल्यावरसुदिक कोणी घालू नका. एवढी वर्सं उगाच जीव जाळला मी."

मास्तर उठून उभे राहिले. "ताई," ते म्हणाले.

"काय रे?"

तिचा चेहरा कसा मोकळा झाला होता! कपाळावरच्या आठ्यासुद्धा सैल पडल्या होत्या. मास्तर उभेच राहिले. फ्रान्समधल्या कुठल्याशा रस्त्यावर, धाकू सुर्व्याच्या समोर, कुणीतरी घाईघाईने ज्याचा पट्टा कापला तो भिवा शिर्के, त्याला आता कुणी विचारणार नव्हतं. या घरात नाही, आणि दुसरं घर त्याला नव्हतंच.

"काही नाही," मास्तर म्हणाले. "गाडी किती वाजता आहे परतीची?"

"जेवल्याबिगर गाडी नाय. स्वप्ना, वाढ त्यांना. ह्याच पानावर वाढ, धुतलेलं फुकट कशाला घालवायचं? सकाळधरनं उपाशी असंल, बघ तोंड कसं उतरलंय त्याचं."

बाहेर कावळ्यांनी दोन्ही पानं शिवली. लगेच शिवली, म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. स्वप्नाने पडवीत पाट ठेवला, पान उलटून सरळ केलं, त्याचं टोक डावीकडे करून मांडलं आणि वाढायला घेतलं. मीठ, लिंबू, गवारीची भाजी, भात, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर. वर गरम वडे. मास्तर पाटावर बसले. त्यांचा हात पानाकडे जाईना.

"जेव की," समोर बसून मथुराताई म्हणाली. "कसला विचार करतोस? माझं काम केलंस तू. पोटभर जेव."

मास्तरांनी भातात सांबारं कालवलं. पहिला घास घेतला, मग दुसरा घेतला. ताई एकेक पदार्थ आग्रह करकरून वाढायला लावत होती, आणि सर्वपित्रीच्या पानात काही टाकायचं नसतं. त्यांनी सगळं संपवलं.